कोतवालाने दिलेली ओ

२ नोव्हेंबर

पोरी, पोचले. ओंडके भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकात, ड्रायव्हरच्या शेजारी, राणीसारखी बसून आले. ड्रायव्हर म्हणाला, आजी, वळणं फार आहेत, घट्ट धरून बसा. मी म्हटलं, बाबा, या वयात दात धरून ठेवलेत तेवढं पुष्कळ आहे. तो इतका हसला की एक वळण हुकता हुकता राहिलं. मग मीच गप्प बसले. पुढे बसायला मिळालंय आणि त्यात दरीत जायचं, म्हणजे हौसेला मोलच राहत नाही.

तू दिलेली डायरी तुझ्या आईने आज उघडली. तुझं म्हणणं, आजी, तुझी बडबड फुकट जाते, रोज थोडी आईकडून लिहून घे, सुट्टीत आले की वाचीन. तर घे. मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ती मधलं काही गाळते का, हे कळायला मार्ग नाही. हे वाक्य लिहिताना तिने नाक मुरडलं. तेही लिहायला लावलं आहे.

घर झकास आहे. दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीला नव्या लाकडाचा वास. माझी खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी. खिडकीतून वखारीचं मोठं फाटक दिसतं, फाटकाशेजारी ओंडक्यांची रास, मधे मोकळं अंगण, पलीकडे करवतीची शेड, आणि अंगणाच्या मधोमध एक जुनं उंच झाड. सगळी वखार लाकूड कापणाऱ्यांची आणि ते एवढं एक झाड कुणी तोडलं नाही. विचारलं तर तुझा बाप म्हणाला, सावलीला ठेवलंय. म्हटलं, म्हणजे माझ्यासारखंच. तो ओशाळला. चार वर्षं मला इथे आणायचं टाळलं होतं ना त्याने.

तुझा बाप इथे हजेरीवाला आहे हे तुला ठाऊकच आहे, पण हजेरी कशी घेतात ते मी आज पाहिलं. दिवस मावळायला भोंगा होतो. रानात गेलेली माणसं फाटकातून आत येतात आणि जिकडे तिकडे पांगतात, कुणी नळावर, कुणी शेडमागे विडी ओढायला. तोवर धुकं असं उतरतं की स्वतःचा हात परक्याचा वाटावा. वही धरली तर कागद ओला होतो, तोंडं दिसत नाहीत. म्हणून तुझा बाप ओंडक्यांच्या राशीवर चढतो आणि एकेकाला हाक मारतो. ज्याने त्याने असेल तिथून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की फाटक बंद, आणि कुंपणात करंट सोडतात तो थेट उजाडेपर्यंत. रानात अस्वलं आहेत, आणखीही काही आहे म्हणतात. एखाद्याची ओ आली नाही तर मात्र फाटक उघडं ठेवतात आणि तो येईपर्यंत भोंगा वाजवत राहतात, म्हणजे धुक्यात चुकलेल्याला आवाजाच्या रोखाने परत येता यावं.

मला ही पद्धत फार आवडली. अक्षरशत्रू बाईला शोभेशी आहे.

५ नोव्हेंबर

आज दुपारी जेवणाचा भोंगा झाला, सगळे हात धुऊन डबे उघडून बसले, आणि मोठे साहेब घड्याळ दाखवत शेडमधून ओरडत आले की अजून तासभर अवकाश आहे, भोंगा वाजवला कुणी. भोंगा वाजवणारा शपथा घ्यायला लागला. तेवढ्यात झाडावरून परत भोंगा. सगळ्यांनी वर पाहिलं.

पक्षी होता! काळा कुळकुळीत, पण कोळशासारखा काळा नव्हे, उन्हात निळं पोलाद चमकावं तसा. कपाळावर उभा तुरा, भांडणाऱ्या माणसाच्या भुवईसारखा. आणि शेपूट म्हणशील तर दोन लांबच लांब तारा, आणि दोन्ही तारांच्या टोकाला एकेक पीस, पीळ दिलेल्या पानासारखं. उडतो तेव्हा वाटतं की दोन भुंगे त्याच्या मागे लागलेत. इथली माणसं त्याला कोतवाल म्हणतात. मी म्हटलं, नाव बरोबर आहे, अंमलही करतो आणि फसवतोही.

लंबू म्हणून एक उंच लाकूडतोड्या आहे, त्याने सांगितलं की हा ऐकेल ते बोलतो. करवत, ट्रकचा हॉर्न, साहेबांचा खोकला. खोकल्याचं त्याने हळू आवाजात सांगितलं, पण झाडावरून लगेच खोकला आला आणि साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी पोट धरून हसले. तुझी आई म्हणते, आई, तुम्हाला जोडीदार मिळाला.

९ नोव्हेंबर

माझा दिवस आता ठरून गेला आहे. सकाळी चहा, दुपारी खाट अंगणात, संध्याकाळी हजेरी ऐकणं. मला आता नुसत्या ओवरून माणूस ओळखता येतो. लंबूची ओ वरून पडल्यासारखी येते. भोंगेवाला ओ देण्याआधी शिंकतो. कारकून, म्हणजे वखारीचे हिशेब ठेवणारा, साठीला टेकलेला सुकट माणूस, तो ओ सुद्धा काटकसरीने देतो. मी तुझ्या बापाला म्हटलं, डोळे मिटून सांगते कोण कुठे आहे ते. त्याने परीक्षा घेतली. एकही चुकले नाही. सगळे म्हणाले, आजी पास.

आणि जेवण तयार झालं की मी दारातून हाक मारते, गुंड्या! पंचेचाळिशीचा, मिशीवाला हजेरीवाला, आणि सगळ्या वखारीसमोर गुंड्या. तुझ्या आईने सांगून पाहिलं की आई, चारचौघांत असं नका, त्यांना लोकांवर आवाज चालवायचा असतो. मी म्हटलं, त्याचा आवाज मीच दिलाय, मलाही थोडा चालवू दे. तो बिचारा लाल होतो आणि लांबून म्हणतो, ओ, आई, आलो! मग लोक हसतात. मी मुद्दाम दोनदा मारते हाक.

१३ नोव्हेंबर

कोतवालाची एक गंमत पाहिली. अंगणात साळुंक्या किडे वेचत होत्या. हा झाडावर बसून ससाण्यासारखा ओरडला, अगदी हुबेहूब. साळुंक्या भेदरून पळाल्या. एकीच्या चोचीतला किडा पडला. हा खाली उतरला, शेपटीच्या तारा मागे ओढत, किडा उचलला आणि परत फांदीवर. काय तो रुबाब! ससाणा नाही, काही नाही, नुसता आवाज. जेवण झालं.

आणि संध्याकाळी त्याने माझी हाक मारली. गुंड्या! माझाच आवाज, शेवटचा हेल सुद्धा. तुझा बाप हजेरी अर्ध्यावर सोडून राशीवरून उतरून धावत घरी आला, काय झालं आई म्हणून. मी खाटेवर सुपारी कातरत बसलेली. लोक लोळायचे बाकी राहिले.

तुझी आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, याला हुसकावून लावा, हजेरीच्या वखारीत असला पक्षी नको, उद्या कुणाची ओ दिली याने तर. मी म्हटलं, अगं, पक्ष्याच्या तोंडाला काय घाबरायचं, आणि एवढ्या वर्षांत दिली नाही ती आताच कशी देईल? तिने गोफण करून मागितली होती लंबूकडून. मी ती माझ्या उशीखाली ठेवून घेतली.

लिही, लिही. गाळू नकोस.

१९ नोव्हेंबर

झाडांवर लाल रंगाने खुणा करणारा तापाने पडला आहे. कुठली झाडं तोडायची हे रंग लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून साहेबांनी तुझ्या बापाला सकाळी रंगाचा डबा देऊन रानात पाठवलं. त्याला रान पाठ आहे. मग हजेरी कोण घेणार? भोंगेवाल्याला नावं सगळी येत नाहीत. कारकुनाचा आवाज दारापर्यंत पोचत नाही. मी म्हटलं, मी घेते. साहेब आधी हसले, मग म्हणाले, घ्या आजी, तुमच्याइतके कान कुणाचे नाहीत.

पोरी, तुझ्या आजीने आज हजेरी घेतली! राशीवर चढता येईना म्हणून फाटकाशी खुर्ची मांडून दिली. धुकं इतकं दाट की माझं नाक मला दिसेना, तसं ते लहान नाही. एकेकाला हाक मारली. लंबू, ओ. भोंगेवाला, शिंक आणि ओ. सगळे झाले. शेवटी राहिला माझाच. मी मोठ्याने हाक मारली, गुंड्या! आणि झाडाकडच्या बाजूने आला आवाज, ओ, आई, आलो! सगळे हसले, मीही हसले. हात वर केला. फाटक बंद झालं, साखळी पडली, करंट सोडला. साहेब म्हणाले, आजी, उद्यापासून पगार सुरू.

आता जेवण वाढून बसलोय आम्ही दोघी. गुंड्याचा पत्ता नाही, शेडमधे गप्पा मारत बसला असेल. तुझी आई म्हणते, एवढा वेळ कधी करत नाहीत. मी म्हटलं, येईल. ओ दिली आहे त्याने, या कानांनी ऐकली.

२० नोव्हेंबर

तो आत नव्हता.

तुझी आई रात्री शेडमधे पाहून आली, नळावर पाहून आली. मग साहेबांकडे गेली. साहेबांनी मला विचारलं, आजी, नक्की ऐकलंत? मी म्हटलं, नक्की. माझ्या पोटच्या पोराचा आवाज मला कळणार नाही का? मग सगळे वखारीतच शोधत राहिले, राशींच्या मागे, ट्रकांखाली, विहिरीत गळ टाकून. भोंगा वाजवला नाही. फाटक उघडलं नाही. आत असलेल्या माणसासाठी भोंगा कशाला वाजवायचा?

उजाडल्यावर माझ्या लक्षात आलं, ओ झाडावरून आली होती. झाडाखालून मी दहादा गेले असेन. वर पाहिलं नव्हतं.

तुझ्या आईला आत्ता म्हटलं, लिही, म्हातारीने मारला पोराला. तिने लेखणी खाली ठेवली. म्हणाली, मी हे लिहिणार नाही, ते मेलेले नाहीत. मग हे वरचं कसं लिहिलंस विचारलं, तर म्हणाली, तुम्ही म्हणालात एवढंच लिहिलं.

२१ नोव्हेंबर

सगळी माणसं रानात गेली होती. ओढ्यापलीकडे रंगाचा डबा सापडला, आडवा, अर्धा सांडलेला. तिथपर्यंत झाडांवर खुणा आहेत, पण कापायच्या झाडांवर असतात तशा नाहीत. कुठेही ओढलेल्या. लंबू म्हणाला, धुक्यात वाट चुकल्यावर माणूस आपल्यासाठी खुणा करतो तशा. म्हणजे तो परतत होता. म्हणजे त्या वेळी भोंगा वाजत असता तर.

लंबूने वाक्य पुरं केलं नाही. चांगला माणूस आहे.

तुला अजून कळवलेलं नाही. तुझी आई म्हणते, सापडले की कळवू.

एवढं सोडलं तर ती माझ्याशी बोलत नाही. लिहिते. मी सांगायला लागले की येऊन बसते, लिहून झालं की उठून जाते. दुसरं कुणी असतं तर ही डायरी चुलीत घातली असती. मला वाटतं, ती लिहिते कारण लिहिताना तिला माझ्याकडे बघावं लागत नाही.

२२ नोव्हेंबर

आज हजेरी कारकुनाने घेतली. आता प्रत्येकाने फाटकाशी येऊन हाताला हात लावून जायचं, असं साहेबांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण नावाने हाक मारायची सवय काही सुटलेली नाही.

हजेरी चालू असताना झाडावरून आवाज आला, ओ, आई, आलो.

कुणीही हललं नाही. परत आला. ओ, आई, आलो. तुझी आई घरातून बाहेर आली, माझ्या उशीखालची गोफण हातात घेऊन, आणि दगड लावला. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की, पोरी, ते मी कुणाला लिहायला सांगणार नाही. पण मी हात सोडला नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. नुसतं वाटलं, एवढाच उरलाय तो. एवढा आवाज.

२३ नोव्हेंबर

आज नवीन बोलला.

आधी नेहमीचं, ओ आई. मग थोडा थांबला, तुरा उभा केला, आणि तुझ्या बापाच्या आवाजात म्हणाला, पाय अडकलाय रे. कुणी आहे का? पाय अडकलाय.

हे वखारीत कुणी कधी बोललेलं नाही. मी प्रत्येकाला विचारलं. कुणीच नाही. कोतवाल ऐकल्याशिवाय बोलत नाही. मग त्याने ऐकलं कुठे? सकाळी तो रानात जातो चरायला, संध्याकाळी झाडावर येतो.

मी साहेबांना सांगितलं, तो जिवंत आहे, हा पक्षी त्याच्यापासून आलाय. साहेब म्हणाले, आजी, तुम्ही थोडं झोपा. ज्या कानांवर त्या दिवशी सगळ्यांनी विश्वास ठेवला, त्या कानांवर आता कुणाचाच नाही. रास्त आहे.

तुझ्या आईने मात्र हे लिहिताना पहिल्यांदा मान वर केली.

२४ नोव्हेंबर

पाणी, म्हणाला. नुसतं पाणी. आणि मागे दुसरा आवाज, तोही त्यानेच काढला, पोकळ जागेत पाणी पडल्यासारखा, टप, टप, मग घळघळ. लंबू म्हणाला, तसा आवाज देणारे तीन धबधबे आहेत ओढ्याच्या वर. साहेब तयार नव्हते. लंबू आणि आणखी दोघे आपणहून गेले. दोन पाहून आले. तिसरा खोल आहे, दोर कमी पडला, अंधारायला लागलं.

आज आमच्यात एक बोलणं झालं. तुझ्या आईने विचारलं, आवाज कालच्यापेक्षा बारीक होता का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, पक्षी लांब बसला असेल. मी म्हटलं, त्याच फांदीवर होता.

पक्षी आवाज बारीक करत नाही. जसा मिळाला तसा देतो.

२५ नोव्हेंबर

तुझं नाव घेतलं. लाडाचं, घरातलं. ते वखारीने कधी ऐकलेलं नाही.

खूप बारीक. शेवटचं अक्षर आलंच नाही —

साहेबांनी आता तालुक्याहून माणसं मागवली आहेत. तीन दिवसांनी येतील म्हणे. तीन दिवसांनी.

२६ नोव्हेंबर

आज नवीन काही नाही. सगळं जुनंच, एकामागे एक, ओ आई, पाय, पाणी, तुझं नाव. जेवण झालेल्या माणसाने ढेकर द्यावी तसा बसला होता, शेपटीच्या तारा फांदीखाली सोडून.

तुझ्या आईने सांगितलं, उद्या उजाडताच फाटक उघडलं की मी त्याच्या मागे जाणार. तो कुठे जातो ते बघत. लंबूचा लांब दोर मागून घेतलाय. पाणी, टॉर्च. परवापर्यंत थांबणार नाही. साहेबांना सांगू नका.

मी अडवू शकले असते. सुनेला सासूने अडवायला कारण लागत नाही, आणि मी तर आयुष्यभर विनाकारण अडवलं आहे. आज कारण होतं आणि अडवलं नाही. माझा मुलगा आहे तिकडे. लिही, मला मुलगा हवा होता म्हणून मी सुनेला जाऊ दिलं. तिने लिहिलं. अक्षर न् अक्षर लिहिलं, मी तिचा हात बघत होते. मग मी माझी शाल दिली. तिने घेतली. लग्न होऊन आल्यापासून माझी वस्तू तिने न कुरकुरता घेतली ती पहिलीच.

२७ नोव्हेंबर

आज कारकून लिहितो आहे. मीच बोलावलं. तो विचारतो, तारीख घालू का. घाल.

ती सकाळी गेली. कोतवाल फाटकावरून उडाला आणि ती त्याच्या खालून. ती आलेली नाही. तिसऱ्या धबधब्याच्या वर एका दगडावर लंबूला तिची टॉर्च सापडली, चालू. दोर नाही.

आज फाटक बंद करू दिलं नाही मी. फाटकाच्या खांबाला धरून बसले. साहेब म्हणाले, आजी, आत पन्नास माणसं आहेत. भोंगा वाजवत ठेवला आहे. कारकुना, ऐकू येतोय ना? भोंगाच आहे ना तो, की —

भोंगाच आहे, म्हणतो. भोंगेवाल्याला बघून आला.

हजेरीच्या वेळी पक्षी आला. तुझ्या आईचा आवाज. अहो! अहो, ऐकताय का? मी आहे. दोनदा. आणि मग, पोरी, तुझा बाप. पुसटसा. पण पुसटसा, मेलेला नव्हे. काहीतरी म्हणाला तिला. मग दोघं हळू बोलत होते, आपल्या घरात मागच्या खोलीत बोलत असत तसे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. शब्द कळले नाहीत. पहिल्यांदाच मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. सापडला होता तो तिला. सापडला होता.

मग पक्ष्याने आणखी एक आवाज काढला. तो माणसाचा नव्हता. लंबूच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. मी विचारलं, कुठलं जनावर. लंबू म्हणाला, आजी, हे जनावर नाही आम्हाला माहीत असलेलं.

शेवटी साहेबांनी खांबावरून माझे हात सोडवले. एकेक बोट.

२८ नोव्हेंबर

तालुक्याची माणसं आली, पाहून गेली. तिसऱ्या धबधब्याखाली काही नाही म्हणतात. दोराचं टोक आहे. शाल आहे. कोरडी. घडी घातलेली —

कारकून म्हणतो, हे लिहायला लावू नका. लिही. घडी घातलेली. मी जशी दिली होती तशी.

पक्षी आज आला नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल. झाडाकडे बघत बसले. ससाणा नव्हता, आणि साळुंक्या पळाल्या होत्या, आणि चोचीतलं खाली पडलं होतं. हेच फक्त फिरतंय डोक्यात. तो आवाज कशासाठी काढतो? मी इतके दिवस निरोप म्हणत होते. माझ्या मुलाचा निरोप घेऊन येतो, म्हणत होते. ती निरोपामागे गेली. मीच पाठवली. आणि कुणी सांगावं —

राहू दे.

तुला तार करायला सांगितली आहे. येऊ नकोस म्हणून. पोरी, कुणाचाही आवाज आला तरी येऊ नकोस. माझा आला तरी.

२९ नोव्हेंबर

आला. आत्ता. अजून भोंगा व्हायचा आहे. धुकं उतरतंय. कारकून खिडकीशी बसलाय आणि त्याने पण ऐकलं, लिहायचा थांबला.

लिही. तो माझ्या आवाजात बोलला. माझा आवाज, हेल सुद्धा. म्हणाला, सापडलात रे बाळांनो. दोघंही सापडलात. हात द्या, हात द्या म्हातारीला.

हे मी कधी बोललेली नाही. कुठेच नाही. झोपेतही नाही. मी या फाटकाबाहेर पाऊल ठेवलेलं नाही. ऐकल्याशिवाय तो बोलत नाही असं मीच म्हणत होते, आणि जे बोललंच नाही कुणी ते —

परत. सापडलात रे. किती आनंदाने म्हणतेय मी. एवढ्या आनंदाने मी तुझ्या बापाच्या जन्मालाही बोलले नसेन.

थांब. पुढे आहे आणखी. पुढे मी ओरडते आहे. माझंच ओरडणं आहे, पण, पोरी, मी अशी बाळंतपणातही ओरडले नव्हते. तो ते पूर्ण ऐकवतो. सगळं. घाई नाही त्याला. बसलाय बघ, काळा, देखणा, तारा सोडून.

फसवतोय, हो. कळतंय मला. अक्षर येत नाही, बाकी सगळं कळतं. पण आधी तो सापडलात म्हणाला. आधी ते आहे. ओरडणं मागाहून. आधी मला ते दोघं दिसतात, कुठेतरी, एवढं तर तो खोटं —

नाही ना करत खोटं? साळुंक्यांना ससाणा दिसला होता का कधी?

कारकुना, काठी दे. फाटक अजून उघडं आहे. अडवू नकोस, तुझ्या अंगात तेवढं बळ नाही आणि माझ्यात आता भीती नाही. लिहीत राहा, मी दारातून सांगते. हाताला हात लावल्याशिवाय फाटक लावू नका. पोरगी आली तर तिला ट्रकमधून उतरू देऊ नकोस. आणि हजेरीत आज माझं नाव घेऊ नकोस, चुकूनसुद्धा. मी बाहेर असताना घेतलंस, आणि ओ आली, तर —